शपथेवरचे खोटे: शिक्षा सात वर्षांची, मग ती होत का नाही?

कुठल्याही जिल्हा न्यायालयातली जुनी निकालपत्रे चाळली, तर काही वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात. ‘सदर साक्षीदाराची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही.’ ‘ही हकिकत मागाहून रचलेली दिसते.’ म्हणजे न्यायाधीशांनी खोटे ओळखलेले असते आणि लिहूनही ठेवलेले असते. तरीही तो साक्षीदार दुपारची एसटी पकडून घरी गेलेला असतो. शपथेवर खोटे बोलण्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, तीही आजकालची नव्हे, १८६० च्या भारतीय दंड संहितेपासूनची.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. (पुढे सोयीसाठी ‘न्याय संहिता’ आणि ‘सुरक्षा संहिता’ म्हणू.) साक्षीदार फुटून एखादा गाजलेला खटला कोसळला की ‘कायदा कडक करा’ अशी मागणी होते. मागणी रास्तच आहे. पण कडक करायचे म्हणजे नक्की काय करायचे, हे कळण्यासाठी आधी आजचा कायदा कुठे अडतो ते पाहावे लागते. तो शिक्षेच्या लांबीपाशी अडत नाही, त्याच्या कितीतरी आधी अडतो.

## शपथ कोणाला, कोणाला नाही

सिनेमातला गीतेवरचा हात विसरा. १९६९ च्या शपथ अधिनियमात कोणत्याही ग्रंथावर हात ठेवण्याची अट नाही. साक्षीदार ईश्वराच्या नावाने शपथ घेऊ शकतो किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. दोन्हींचे वजन सारखेच. शपथ द्यायची राहून गेली, तरी साक्ष आपोआप रद्द होत नाही आणि खरे सांगण्याचे बंधनही सुटत नाही. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल, पण खरे बोलायचे असते एवढे कळत असेल, तर त्याची साक्ष शपथेविना घेता येते.

अनेकांना आश्चर्य वाटेल असा भाग आरोपीचा आहे. फौजदारी खटल्यात पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. तेव्हा त्याला शपथ दिली जात नाही आणि त्याने खोटे उत्तर दिले तरी त्याबद्दल शिक्षा होत नाही, कारण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हा घटनेच्या कलम २० मधला मूलभूत हक्क आहे. आरोपीने आपणहून बचावाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहायचे ठरवले, तर मात्र त्याला शपथ लागू होते आणि तिच्याबरोबर येणारी जोखीमही.

साक्षीदाराला अशी सूट नाही. ‘या उत्तराने मीच अडकेन’ असे म्हणून त्याला प्रश्न टाळता येत नाही. ज्या उत्तराची न्यायालयाने सक्ती केली, ते त्याच्याविरुद्ध दुसऱ्या गुन्ह्यात वापरता येत नाही, पण ते उत्तरच खोटे असेल तर खोट्या साक्षीचा खटला चालू शकतो.

## कायद्याच्या नजरेत खोटे म्हणजे काय

न्याय संहितेचे कलम २२७ (जुने १९१) तीन गोष्टी मागते. खरे बोलण्याचे कायदेशीर बंधन असले पाहिजे. विधान खोटे असले पाहिजे. आणि बोलणाऱ्याला ते खोटे असल्याचे माहीत असले पाहिजे, किंवा ते खरे असल्याचा त्याचा विश्वास नसला पाहिजे. सगळे प्रकरण या तिसऱ्या अटीवर उभे असते.

अपघात संध्याकाळी सहाला झाला की साडेसहाला, गाडी पांढरी होती की राखाडी, यात माणूस चुकतो. चार वर्षांनी साक्षीला उभा राहिला की आणखी चुकतो. ही चूक आहे, गुन्हा नाही. उलट ‘हे अक्षर माझ्या भावाचे आहे असे मला वाटते’ असे कोणी शपथेवर म्हणाला आणि त्याला मुळात तसे वाटतच नव्हते, तर ‘वाटते’ या शब्दाची ढाल त्याला वाचवत नाही. आपल्या मताविषयी खोटे बोलणे हेही खोटेच.

नुसती विसंगतीही पुरत नाही. सरतपासणीत, म्हणजे स्वतःच्या बाजूच्या वकिलाने प्रश्न विचारले तेव्हा, एक सांगितले आणि उलटतपासणीत दुसरेच निघाले, एवढ्यावर खटला भरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. १९७१ च्या छाजू राम प्रकरणातली कसोटी आजही वापरात आहे: खोटे जाणूनबुजून बोललेले दिसले पाहिजे आणि दोष सिद्ध होण्याची वाजवी शक्यता असली पाहिजे. एक गोष्ट खोटी निघाली म्हणून साक्षीदाराचे सगळेच खोटे, हा नियमही भारतात चालत नाही. न्यायालय खरे ठेवते, खोटे बाजूला काढते.

तज्ज्ञांचा प्रश्न वेगळा आहे. दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्यात गोळ्यांच्या तज्ज्ञाने दिलेल्या मतावरून त्याच्याविरुद्ध खोट्या साक्षीची कारवाई सुरू करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तज्ज्ञ जे सांगतो ते मत असते. ते पटले नाही किंवा डळमळीत वाटले, म्हणून ते खोटी साक्ष ठरत नाही.

## कोणत्या खोट्याला किती

न्यायालयीन कामकाजात खोटी साक्ष दिली किंवा खोटा पुरावा तयार केला, तर कलम २२९ नुसार सात वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. कामकाज न्यायालयीन नसेल तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड. फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात कोणाला दोषी ठरवण्यासाठी खोटी साक्ष दिली तर कलम २३० लागते: जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्या साक्षीमुळे निरपराध माणूस खरोखर फासावर गेला, तर खोटे बोलणाऱ्यालाही मृत्युदंड होऊ शकतो. न्यायालयात अप्रामाणिकपणे खोटा दावा लावणे हा कलम २४६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंतचा. निवडणूक अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रातली लपवाछपवी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ मध्ये येते, तिथे सहा महिने.

दंडाच्या आकड्यांपाशी जरा थांबू. जुन्या दंड संहितेत खोट्या साक्षीच्या कलमात दंडाची रक्कमच दिलेली नव्हती. रक्कम दिलेली नसेल तर दंडाला मर्यादा नाही, फक्त तो अवाजवी नसावा, असा सर्वसाधारण नियम होता आणि आहे. नव्या संहितेने १०,००० ही कमाल मर्यादा लिहून टाकली. चार कोटींच्या जमिनीच्या वादात शपथेवर खोटे बोलणाऱ्याला आता जास्तीत जास्त दहा हजारांचा दंड. कैदेची तरतूद जशीच्या तशी राहिली, म्हणजे एकूण हिशेबात नवा कायदा जुन्यापेक्षा सौम्य झाला. ‘कडक कायदे आणले’ असे म्हणताना ही ओळ कोणी वाचलेली दिसत नाही.

## पोलिसांत तक्रार का करता येत नाही?

सामान्य माणूस इथेच सर्वांत आधी ठेचकाळतो. समोरच्याने न्यायालयात धडधडीत खोटे सांगितले, आपल्याकडे कागद आहेत, म्हणून तो पोलीस ठाण्यात जातो आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे ऐकून परततो. पोलीस टाळाटाळ करत नसतात. खोटी साक्ष हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. शिवाय सुरक्षा संहितेच्या कलम २१५ (जुने १९५) नुसार, ज्या न्यायालयात खोटे बोलले गेले त्या न्यायालयाने किंवा त्याच्या वरच्या न्यायालयाने लेखी तक्रार केल्याखेरीज कोणतेही न्यायालय या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही.

दहावीच्या परीक्षेचे उदाहरण घ्या. पुढच्या बाकावरचा मुलगा कॉपी करतोय हे मागच्याला दिसते. तो पर्यवेक्षकाला सांगू शकतो, पण गैरप्रकाराचा अहवाल लिहिण्याचा अधिकार केंद्राचा. मागच्या मुलाचे नुकसान होत असले तरी नियमाच्या दृष्टीने फसवली गेली ती परीक्षा. खोट्या साक्षीतही कायदा तसाच पाहतो: फसवणूक न्यायालयाची झाली, तेव्हा तक्रारदारही न्यायालयच.

ही अट उगाच घातलेली नाही. ती नसती तर खटला हरलेला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी समोरच्या साक्षीदारांवर फिर्याद ठोकून मोकळा झाला असता आणि साक्ष द्यायला कोणी पुढे आले नसते. म्हणून हे कलम सरसकट काढून टाका, ही सूचना मला पटत नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. दस्तऐवज बाहेर बनावट केला आणि मग न्यायालयात दाखल केला, तर बनावटीकरणाचा गुन्हा पोलीस थेट नोंदवू शकतात. न्यायालयाच्या ताब्यात आल्यानंतर कागदात फेरफार झाला, तरच न्यायालयाच्या तक्रारीची अट लागते. २००५ मध्ये इक्बाल सिंग मारवाह प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे ठरवले. बनावट मृत्युपत्र, खोटी भाडेपावती, मागील तारखेचा करारनामा अशा प्रकरणांत हा फरक फार उपयोगी पडतो.

## ३७९ चा अर्ज

न्यायालयाला जागे करण्याचा मार्ग म्हणजे सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खालचा अर्ज. जुना क्रमांक ३४०, आणि वकील मंडळी अजूनही ‘तीनशे चाळीस’च म्हणतात. अर्ज दिवाणी, फौजदारी, महसूल, कौटुंबिक अशा कोणत्याही न्यायालयात करता येतो. न्यायाधिकरणांच्या बाबतीत संबंधित कायद्याने त्याला न्यायालय मानले आहे का ते पाहावे लागते. न्यायालय अर्ज नसतानाही स्वतःहून पाऊल उचलू शकते.

बहुतेक अर्ज फेटाळले जातात ते मसुद्यातल्या आळशीपणामुळे. ‘प्रतिवादीने शपथेवर अनेक खोटी विधाने केली आहेत’ हे वाक्य निरुपयोगी. खोटे विधान शब्दशः उतरवायचे: कोणत्या तारखेची साक्ष, कोणते पान, कोणता परिच्छेद. त्याच्यासमोर ते खोटे पाडणारा कागद ठेवायचा, आणि तोही शक्यतो विधान करणाऱ्याचाच, म्हणजे त्याचे बँकेचे विवरण, आयकर विवरणपत्र, त्याच्या सहीचा दस्त किंवा दुसऱ्या खटल्यातली त्याचीच साक्ष. सगळ्याच्या प्रमाणित नकला जोडायच्या. मग, विधान करताना त्याला सत्य माहीत होते हे कशावरून, ते लिहायचे. शेवटी, त्या खोट्याचा निकालावर काय परिणाम झाला किंवा होऊ शकला असता तेही. हा शेवटचा भाग लोक विसरतात, आणि नेमका तोच निर्णायक असतो, कारण कारवाई ‘न्यायाच्या हितासाठी इष्ट’ आहे असे न्यायालयाला वाटले पाहिजे. खोटे सिद्ध झाले तरी ते किरकोळ असेल तर न्यायालय सोडून देऊ शकते. दहा खोटी दाखवण्यापेक्षा एक घट्ट पकडलेले खोटे कधीही बरे.

अर्जानंतर न्यायालय हवी तर प्राथमिक चौकशी करते. ती सक्तीची नाही, आणि या टप्प्यावर समोरच्याला म्हणणे मांडू देणेही बंधनकारक नाही. यावर उलटसुलट निकाल होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने पंजाब राज्य विरुद्ध जसबीर सिंग या प्रकरणात तो घोळ मिटवला. त्यानंतर न्यायालय निष्कर्ष नोंदवते, लेखी तक्रार तयार करते आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवते. तिथून पुढे नेहमीचा फौजदारी खटला. अर्जदार आता त्यात पक्षकार उरत नाही, फार तर साक्षीदार. तक्रार झाली किंवा अर्ज फेटाळला, दोन्हींविरुद्ध कलम ३८० खाली वरच्या न्यायालयात एकदा अपील करता येते. अर्जाचा खर्च कोणी द्यायचा हेही न्यायालय ठरवू शकते, तेव्हा ‘टाकून तर बघू’ हा प्रकार अंगाशी येऊ शकतो.

## मग गाडी अडते कुठे?

२००० साली स्वर्ण सिंग प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. वाधवा यांनी यावर स्पष्ट लिहिले. खोटी साक्ष ही न्यायालयांत रोजची रीत झाली आहे, साक्षीदार खोटे बोलतोय हे न्यायाधीशाला कळते, तरी तो कारवाई करायला तयार नसतो. आणि त्यामागचे एक कारण म्हणजे तक्रारीवर त्याला स्वतःला सही करावी लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दंडाधिकारी किंवा सत्र न्यायाधीश स्वतःच फिर्यादी होणार आणि त्याचे प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशापुढे चालणार, ही कल्पना कोणालाही नकोशी वाटेल.

ही टीका वाया गेली नाही. कायद्यात दुरुस्ती झाली आणि एप्रिल २००६ पासून न्यायाधीश आपल्या न्यायालयातल्या अधिकाऱ्याला लेखी अधिकार देऊन त्याच्यामार्फत तक्रार करू शकतात. नव्या संहितेतही ती सोय आहे. पण सहीचा संकोच गेला तरी वेळेचा प्रश्न उरला. मूळ खटला निकाली निघाला की न्यायाधीशाच्या टेबलावर पुढची फाइल आलेली असते. खोट्या साक्षीची तक्रार म्हणजे आधीच तुंबलेल्या दंडाधिकाऱ्याकडे आणखी एक खटला, मग त्यात पुन्हा साक्षीदार, पुन्हा तारखा. मूळ निकालावर अपील गेले की हा खटला थांबवून ठेवण्याकडे कल असतो, आणि ते चूकही नाही, कारण वरच्या न्यायालयाला तीच साक्ष खरी वाटू शकते.

वेळ किती लागतो ते जेसिका लाल प्रकरणात दिसले. खून १९९९ चा. घटनेचा प्रत्यक्षदर्शी न्यायालयात फिरला. पोलिसांनी जबाब हिंदीत लिहिला, मला हिंदी येत नाही, असे त्याने सांगितले. २००६ च्या फेब्रुवारीत सगळे आरोपी सुटले, डिसेंबरात उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवले. त्या साक्षीदारावर खटला भरण्याचा आदेश आला २०१३ मध्ये. देशभर गाजलेल्या खटल्यात, उच्च न्यायालयाने स्वतः लक्ष घालूनही, नुसता आदेश यायला एवढी वर्षे.

बडोद्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणाचा (२००२ च्या दंगलीतल्या हत्याकांडाचा) फेरखटला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये महाराष्ट्रात हलवला आणि तो मुंबईत चालला. त्यातल्या प्रमुख साक्षीदार जाहिरा शेख यांनी वारंवार जबाब बदलले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना एक वर्षाची साधी कैद ठोठावली आणि ५०,००० रुपये खर्च भरायला लावला, पण ते न्यायालयाच्या अवमानाबद्दल. अवमानाचे हत्यार त्या न्यायालयाच्या स्वतःच्या हातात असते, ते लगेच चालवता येते. खालच्या न्यायालयांना तेवढी मुभा नाही.

## फितूर झालेले सगळे खोटारडेच ना?

इथे लोकांची गल्लत होते. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेला जबाब शपथेवर नसतो. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायलाही कायद्याने मनाई आहे. साक्षीदार न्यायालयात येऊन ‘मी असे काही सांगितलेच नव्हते’ म्हणाला, की शपथेवरचे विधान एकच उरते, हे. ते खोटे आहे हे स्वतंत्र पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि बहुधा तो पुरावा नसतो. पंचनाम्यावरचा पंच ‘माझी फक्त सही घेतली’ म्हणतो तेव्हाही तीच अडचण. कधीकधी खोटे तपास अधिकाऱ्याच्या कागदात असते आणि पंच खरे सांगत असतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण नव्या संहितेने बंधनकारक केले आहे. ते नीट पाळले गेले, तर दोन्ही बाजूंच्या थापा कमी होतील.

यावर कायद्यात एक चांगला तोडगा आहे. साक्षीदाराचा जबाब तपासातच न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवायचा. दंडाधिकारी शपथ देऊ शकतात. मग साक्षीदार खटल्यात उलटला, तर शपथेवरची दोन परस्परविरोधी विधाने समोर येतात. त्यांतले कोणते खोटे हे सिद्ध न होताही पर्यायी आरोप ठेवून शिक्षा देता येते. प्रक्रिया संहितेने नेमके हेच उदाहरण दिले आहे. दहा वर्षे किंवा त्याहून जास्त कैद, जन्मठेप किंवा फाशी असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा असा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवलाच पाहिजे, असे आता सुरक्षा संहितेचे कलम १८३ म्हणते. खोट्या साक्षीविरुद्ध नव्या कायद्यात खरोखर दात कुठे आले असतील, तर ते इथे.

## शिक्षा दुप्पट केली तर?

चौदा वर्षे लिहा नाहीतर वीस, तक्रारच होत नसेल तर काही फरक पडत नाही. उलट शिक्षा जितकी जबर तितका न्यायाधीश ती वापरायला कचरतो, आणि खटल्यात बचावही तितकाच चिवट होतो.

कामाचे हत्यार दुसरे आहे: सुरक्षा संहितेचे कलम ३८३ (जुने ३४४). सत्र न्यायाधीश किंवा प्रथमवर्ग दंडाधिकारी निकाल देतानाच नोंद करू शकतात की अमुक साक्षीदाराने जाणूनबुजून खोटी साक्ष दिली. मग त्याला कारणे दाखवा नोटीस देऊन तिथेच, संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे पुराव्याची थोडक्यात नोंद करून, खटला चालवायचा. दुसरे न्यायालय नाही, लेखी तक्रार नाही. २००८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखालची तीन महिन्यांची कैद कायम ठेवली.

अडचणी तीन. शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने किंवा १,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा दंड पूर्वी ५०० होता. ती नोंद निकालाच्या वेळीच व्हावी लागते, राहून गेली की हा मार्ग बंद. आणि मूळ निकालावर अपील झाले की ही कारवाई थांबवावीच लागते. शिवाय दिवाणी न्यायाधीशाला हे कलम वापरताच येत नाही, आणि प्रतिज्ञापत्रांचा सुळसुळाट तर दिवाणी आणि कौटुंबिक न्यायालयांतच.

फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मळीमठ समितीने २००३ मध्येच असे खटले संक्षिप्त पद्धतीने चालवावेत आणि शिक्षा वाढवावी असे सुचवले होते. माझ्या मते दुरुस्ती इथून सुरू व्हावी. हा अधिकार दिवाणी आणि कौटुंबिक न्यायालयांनाही द्यावा. दंडाची कमाल मर्यादा काढून तो वादाच्या रकमेशी जोडावा. साक्षीदार खोटे बोलला असे निकालात लिहिले, तर कारवाई का केली नाही याचे एक वाक्य तरी लिहिणे बंधनकारक करावे. कैद तीन महिन्यांच्या पुढे न्यायची असेल तर मात्र जपून: संक्षिप्त खटल्यात एरवीही तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही, कारण त्यात पुराव्याची नोंद त्रोटक असते. त्रोटक नोंदीवर कोणाला दोन वर्षे आत पाठवणे हा दुसरा अन्याय होईल.

## मग साक्षीदार येतील का?

आक्षेप खरा आहे. स्वर्ण सिंगच्याच निकालात साक्षीदारांच्या हालांचेही वर्णन आहे: वारंवार हेलपाटे, बसायला जागा नाही, वेळेवर भत्ता नाही, वरून धमक्या. अशा माणसाला ‘चुकलास तर सात वर्षे’ एवढेच ऐकवले, तर तो समन्स घ्यायलाच घरी सापडणार नाही.

म्हणून धमकी देणाऱ्याकडे आधी पाहिले पाहिजे. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा कलम २३२ खाली सात वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे. इथे साक्षीदार थेट पोलिसांकडे जाऊ शकतो. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभर लागू केली, महाराष्ट्राने त्याआधी २०१७ मध्ये स्वतःचा कायदा केला, आणि सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना करणे बंधनकारक केले. धमकीने फिरलेल्याला आणि पैशाने फिरलेल्याला एकाच मापाने मोजणारा कायदा कडक असेल, न्याय्य नसेल.

तसेच, आरोपी निर्दोष सुटला म्हणजे फिर्यादी खोटे बोलली, हा निष्कर्ष चूक आहे. सुटकेचा अर्थ बहुतेकदा एवढाच की गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झाला नाही. बलात्काराच्या किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात सुटकेनंतर ३७९ चा अर्ज सूड म्हणून टाकला जातो. तिथे न्यायालयाची गाळणी हवीच, आणि कलम २१५ राखून ठेवण्याचे ते सर्वांत मोठे कारण.

## सही करण्याआधी

सर्वसामान्यांचा शपथेशी संबंध पिंजऱ्यात कमी आणि प्रतिज्ञापत्रावर जास्त येतो. पोटगीच्या प्रकरणात तर हमखास. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले आणि त्यात खोटे आढळल्यास या कारवाईचा विचार व्हावा, असेही म्हटले. ‘उत्पन्न काही नाही’ लिहायचे आणि बँकेत दरमहा हप्ता भरत राहायचे, हे खोटे पकडायला सगळ्यांत सोपे, कारण दोन्ही कागद त्याच माणसाचे.

मसुदा वकिलाने केला असला तरी शपथ तुमची असते. शेवटचा सत्यापनाचा परिच्छेद लोक वाचतच नाहीत, आणि तिथे बहुधा छापील वाक्य असते: ‘परिच्छेद १ ते १८ मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे.’ अठरापैकी सात परिच्छेद आजोबांच्या काळातले असतात, ते तुमच्या स्वतःच्या माहितीचे कसे असतील? स्वतः पाहिलेले कोणते, कागदावरून कळलेले कोणते, वकिलाच्या सल्ल्याने लिहिलेले कोणते, हे वेगवेगळे लिहून घ्या. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पानावर सही करू नका. इंग्रजी मसुदा असेल तर मराठीत समजावून घ्या, आणि समजावून सांगितल्याची नोंद त्यावर घालून घ्या.

फौजदारी न्यायालयात साक्ष दिलीत, तर ती तुम्हाला वाचून दाखवण्याची तरतूद सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ मध्ये आहे. तुम्ही मराठीत बोललात आणि टंकलेखन इंग्रजीत झाले असेल, तर तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे. चुकीचे उतरले असेल तर तिथल्या तिथे सांगा. न्यायाधीश दुरुस्ती करतील, किंवा दुरुस्ती मान्य नसेल तर तुमची हरकत नोंदवतील. वाचून न दाखवलेली साक्ष पुढे खोट्या साक्षीच्या खटल्यात आधार म्हणून लंगडी पडते, त्यामुळे समोरच्या पक्षालाही ही पायरी गाळलेली परवडत नाही. गर्दीच्या दिवशी लिपिक ‘सही करा, पुढचा नंबर’ म्हणतो. दोन मिनिटे मागून घ्या.